कच्चं तेल कुठे जाणार? खान्देशात बसून अंदाज बांधायची रीत

जळगावच्या एमआयडीसीतला चटईवाला विचारतो, "दादा, प्लास्टिकचा दाणा आज उचलू की आठ दिवस थांबू?" सावद्याहून दिल्लीला केळीच्या गाड्या लावणारा विचारतो, डिझेल वाढेल का. आणि सोन्याच्या जोडीला एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घेणारं एखादं पोरगं विचारतं, आज वर की खाली. तिघांच्या तोंडी शब्द एकच, "क्रूड कुठे जाणार?" पण प्रश्न तीन आहेत, आणि त्यांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. नव्याने शिकणारा नेमका इथेच फसतो. टीव्हीवर ब्रेंट दोन डॉलर वाढल्याची पट्टी दिसते आणि तो पंपावर टाकी फुल करून येतो.

आधी आपला प्रश्न ठरवा

गाडीवाल्यापासून सुरू करू. कागदावर पेट्रोल-डिझेलचे दर १६ जून २०१७ पासून रोज बदलतात. प्रत्यक्षात एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी दर जागचे हलवले नाहीत. मधल्या काळात भारत घेतो त्या तेलाची सरासरी जून २०२२ मध्ये ११६ डॉलर होती आणि वर्षभरात ती ७५ च्या आसपास आली. पंपावर जे काही कमी झालं ते करामुळे: मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क घटवलं, जुलैमध्ये राज्याने व्हॅट. मग २ रुपयांची कपात आली ती १५ मार्च २०२४ पासून, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणूक जाहीर झाली. तेव्हा गाडीवाल्याने ब्रेंटच्या चार्टपेक्षा कराच्या बातम्या आणि निवडणुकीचं वेळापत्रक बघावं, हे मी थट्टेने म्हणत नाही. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं की दर बदलतो. तेल तेच असतं, राज्याचा कर बदललेला असतो.

पंपावरची रांग बघून तर अंदाज बांधूच नका. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत टँकरचालकांनी नव्या कायद्याविरुद्ध काम थांबवलं, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून गाड्या निघेनात आणि इकडे पंपांवर झुंबड उडाली. जगाच्या बाजारात त्या दिवशी तेलाची काही टंचाई नव्हती.

दाणावाल्याचं गणित वेगळं. चटईला लागणारा पीपी, ठिबकच्या नळ्यांचा एलएलडीपीई आणि पाइपाचा पीव्हीसी, या तिन्ही प्लास्टिकांचं मूळ तेल-वायूतच आहे. पण क्रूडशी नातं प्रत्येकाचं निराळं. पीपी त्यातल्या त्यात जवळचा. तोही दुसऱ्या दिवशी हलत नाही, मध्ये क्रूडपासून नाफ्था आणि त्यापासून प्रोपिलीन असे टप्पे असतात. पीव्हीसी बराच लांबचा, कारण चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर कोळशापासून बनतो आणि तिथलं बांधकाम मंदावलं की क्रूड चढं असूनही पीव्हीसी पडतो. रिसायकल दाण्याचा भाव नव्या दाण्याच्या पाठोपाठ चालतो. नवा माल स्वस्त झाला की भंगाराला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून तुमचा माल कोणता, त्यावर क्रूडचा परिणाम किती दिवसांनी येतो, हे आपल्याच जुन्या बिलांवरून काढा. दोन-तीन वर्षांची खरेदीची बिलं आणि त्या-त्या महिन्याचा क्रूडचा भाव शेजारी-शेजारी लिहिले की जे दिसतं ते कुठल्याही विश्लेषकाच्या अहवालात नसतं.

कोणत्या तेलाचा भाव?

हे पटकन आटोपतो. ब्रेंट हा उत्तर समुद्राकडचा भाव, जगातले बहुतेक सौदे त्याच्या आधाराने होतात. डब्ल्यूटीआय अमेरिकेचा, त्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कशिंग गावी. एमसीएक्सचं क्रूड याच डब्ल्यूटीआयच्या मागे चालतं. आखातातल्या तेलासाठी दुबई-ओमानचा भाव. आपल्या रिफायनऱ्यांसाठी ओमान-दुबई आणि ब्रेंट मिळून 'इंडियन बास्केट' काढतात, त्यात मोठा वाटा ओमान-दुबईचा. पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी हा विभाग तो भाव प्रसिद्ध करतो, फुकट बघता येतो.

एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर क्रूड एक डॉलरने वाढल्यावर लिटरमागे साधारण ५७ पैसे वाढतात. हे गणित तोंडपाठ असू द्या. आणि रुपया विसरू नका. तेल ७० वर स्थिर राहिलं आणि डॉलर ९० चा ९३ झाला, तर आपल्यासाठी बॅरल ६,३०० चं ६,५१० झालं. जगात भाव हलला नाही, जळगावात हलला.

शिल्लक वाढते आहे की घटते आहे

सगळ्या अंदाजाचा कणा हाच. जग रोज सुमारे १० कोटी बॅरलच्या वर तेल वापरतं. उत्पादन त्याहून पाच-दहा लाखांनी जास्त झालं की टाक्या भरू लागतात, कमी झालं की रित्या होतात. म्हणजे एकूण आकड्याच्या अर्धा-एक टक्का फरकावर भाव नाचतो. "मागणी वाढतेय" या बातमीला एकटीला काही अर्थ नाही. मागणी पाच लाखांनी वाढली आणि पुरवठा पंधरा लाखांनी, तर भाव पडायला वाव आहे.

दर महिन्याला तीन अहवाल निघतात: अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईआयएचा, पॅरिसच्या आयईएचा आणि ओपेकचा. तिघांचे मागणीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ओपेक तेल विकणाऱ्यांची संघटना, १९६० साली बगदादमध्ये स्थापन झालेली. मागणी जोरात आहे असं सांगण्यात तिचा फायदा आहे. आयईए १९७४ साली तेल विकत घेणाऱ्या देशांनी काढली. मी तिन्ही वाचतो, पण आकड्यापेक्षा एक गोष्ट बघतो: गेल्या महिन्याच्या तुलनेत यांनी आपला आकडा कुठल्या बाजूला सरकवला? तिघंही एकाच दिशेने सरकले असतील तर ती खरी बातमी.

पुरवठ्याच्या बाजूला दोन मोठे खेळाडू. पहिला ओपेक प्लस, म्हणजे ओपेक आणि रशियासारखे जोडीदार, २०१६ पासून. त्यांच्या बैठकीत जाहीर झालेली कपात आणि प्रत्यक्ष कपात यात नेहमी अंतर असतं, म्हणून घोषणेच्या दिवशी उड्या मारू नका. पुढच्या महिन्याच्या निर्यातीचे आकडे येऊ द्या. जानेवारी २०२४ पासून काही सदस्यांनी रोज सुमारे २२ लाख बॅरलची स्वेच्छेने कपात केली आणि एप्रिल २०२५ पासून ती हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली. कपात चालू असताना एक गोष्ट कुणी बोलत नाही: थांबवलेलं तेल नाहीसं होत नाही, ते हाताशी राहतं. भाव चढला की ते बाजारात येऊ शकतं, आणि तेच भावाला फार वर चढू देत नाही.

दुसरा खेळाडू अमेरिकेचं शेल, म्हणजे खडक फोडून काढलेलं तेल. तिथल्या विहिरींचं उत्पादन पहिल्या वर्षातच अर्ध्याहून अधिक घसरतं, म्हणून सारख्या नव्या विहिरी खोदाव्या लागतात. भाव ६०-६५ डॉलरच्या खाली बराच काळ राहिला की नवीन खोदाई अनेकांना परवडेनाशी होते. पण याचा परिणाम उत्पादनात दिसायला सहा महिने सहज जातात. दर शुक्रवारी रात्री बेकर ह्यूजेस कंपनीचा रिगचा, म्हणजे चालू खोदाईयंत्रांचा, आकडा येतो, तो यासाठी बघायचा. एका आठवड्यात दोन रिग कमी झाले म्हणून तेजी लावणारे असतात. त्यांना लावू द्या.

बुधवारची रात्र

आठवड्यात एकच आकडा बघायला वेळ असेल तर हा बघा. ईआयएचा साप्ताहिक साठ्याचा अहवाल बुधवारी येतो, अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे रात्री ८ वाजता, हिवाळी वेळ असताना ९ वाजता. तिकडे सोमवारी सुटी असेल तर एक दिवस उशिरा.

नव्या माणसाला हा अहवाल उलटा का वागतो तेच कळत नाही, म्हणून एक काल्पनिक बुधवार घेऊ. क्रूडचा साठा ३५ लाख बॅरलने घटला. साठा घटला म्हणजे भाव वाढायला हवा, बरोबर? पण भाव दहा मिनिटांत एक डॉलर खाली. का? बाजाराची अपेक्षा २० लाखांच्या घटीची होती हे खरं, पण मंगळवारच्या रात्री एपीआय या उद्योगसंघटनेने आपल्या आकड्यात ५० लाखांची घट दाखवली होती. भाव रात्रीतूनच चढला होता. सकाळी उठून तुम्ही जो भाव पाहिला त्यात ५० लाख धरलेले होते, निघाले ३५. बाजाराने जे आधीच धरलंय त्याच्याशी आकडा ताडून बघायचा असतो, शून्याशी नाही.

एवढ्यावर थांबू नका. खालच्या ओळी वाचा. पेट्रोलचा साठा ४० लाखांनी वाढला असेल तर क्रूड घटलं याचा अर्थ इतकाच, की रिफायनऱ्यांनी ते ओढलं आणि पेट्रोल करून ठेवलं. ग्राहकाने अजून वापरलं नाही. मग आयात-निर्यात बघा. दोन-तीन मोठी जहाजं एका आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात उतरली तरी साठ्यात पन्नास-साठ लाखांचा फरक पडतो, आणि पुढच्या बुधवारी तो उलटा फिरतो. रिफायनऱ्या किती टक्के क्षमतेने चालल्या तेही बघा, कारण वसंतात आणि शरद ऋतूत त्या देखभालीसाठी बंद असतात आणि तेव्हा क्रूडचा साठा वाढणं ही मंदीची खूण नव्हे. शेवटी कशिंगचा आकडा. तिथला साठा २ कोटी बॅरलच्या जवळ आला की व्यापारी टाक्यांचा तळ लागला असं मानतात, आणि डब्ल्यूटीआयचा चालू महिन्याचा भाव तडकाफडकी वागू लागतो.

म्हणून मी एकट्या आठवड्यावर मत बनवत नाही. चार आठवड्यांची सरासरी काढतो आणि ती गेल्या पाच वर्षांच्या याच काळाच्या सरासरीशेजारी ठेवतो. ईआयए स्वतःच ते आलेख देते.

पुढच्या महिन्यांचे भाव काय सांगतात

आता जे बहुतेक नवखे बघतच नाहीत ते. क्रूडचा भाव एक नसतो. पुढच्या महिन्याचा, त्यानंतरच्या महिन्याचा, वर्षभरानंतरचा, असे सगळे सौदे एकाच वेळी चालू असतात. ते ओळीने मांडा.

आपल्याकडचा शेतकरी कापूस वेचून घरात भरून ठेवतो, कारण त्याला वाटतं फेब्रुवारीत भाव येईल. समजा कुणी आजच लेखी दिलं की फेब्रुवारीत इतके रुपये जास्त देतो, तर घरोघरी गंजी लागतील. पुढचे महिने चढे असणं म्हणजे क्रूडच्या बाजाराने हेच लिहून देणं: आत्ता माल उदंड आहे, ठेवून घ्या, भाडं आम्ही देतो. याला कॉन्टँगो म्हणतात. उलट, आजचा भाव पुढच्या महिन्यांपेक्षा चढा असेल तर बाजार म्हणतोय, टाकीत असेल ते आत्ता काढा. हे बॅकवर्डेशन.

इथे एक गफलत सर्रास होते. वर्षभरानंतरचा सौदा ६५ ला चालू आहे म्हणून वर्षाने भाव ६५ होणार, असं नाही. ते भाकीत नसून आजच्या तंगीचं मोजमाप आहे. दिशेसाठी उपयोगी असतो तो फरकातला बदल. पहिल्या महिन्याच्या भावातून दुसऱ्या महिन्याचा भाव वजा करून येणारं अंतर रोज लिहून ठेवा. मथळा ओरडतोय "तेल भडकलं" आणि हे अंतर मात्र आक्रसतंय, तर भडका भीतीचा आहे, मालाच्या टंचाईचा नाही. मला विचाराल तर टीव्हीवरच्या दहा तज्ज्ञांपेक्षा हे एक अंतर जास्त खरं बोलतं.

युद्ध, हल्ला, वादळ

बातमी आली की एकच प्रश्न: तेल खरंच हरवलं, की त्याची वाट बदलली, की नुसती भीती आहे?

१४ सप्टेंबर २०१९, शनिवार. सौदीतल्या अबकैकच्या तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला आणि रोजचं ५७ लाख बॅरल उत्पादन एका रात्रीत थांबलं. सोमवारी बाजार उघडताच ब्रेंट जवळजवळ २० टक्के वर. तेल खरंच हरवलं होतं, पण साठे होते आणि दुरुस्ती झपाट्याने झाली. महिना संपेपर्यंत भाव हल्ल्याआधीच्या, म्हणजे ६० डॉलरच्या घरात परत.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मार्चमध्ये ब्रेंट १३९ पर्यंत जाऊन आला. मोठमोठ्या संस्था १५०-२०० च्या गोष्टी करत होत्या. पण रशियाचं तेल जमिनीतून निघायचं थांबलं नाही. युरोपऐवजी ते भारत आणि चीनकडे वळलं. त्या वर्षाअखेर ब्रेंट ८६ च्या आसपास होता.

आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीचं प्रकरण वेगळ्या वजनाचं. २०२४ साली तिथून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. सौदीची यान्बू बंदराकडे जाणारी आणि अमिरातीची फुजैरा बंदराकडे जाणारी पाइपलाइन यातला थोडाच भाग वळवू शकते. म्हणून तिथली बातमी आली की नेत्यांच्या भाषणांपेक्षा जहाजांचा विमा आणि टँकरचं भाडं बघा. जहाजमालक पैसे लावून बसलेला असतो, तो उगाच घाबरत नाही.

अंदाज लिहायचा कसा

"क्रूड वाढेल" हा अंदाज नव्हे. कधीपर्यंत, कोणतं क्रूड, कुठून कुठे, कशामुळे, आणि काय घडलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन, ही पाचही उत्तरं वहीत तारखेसह लिहिली तर तो अंदाज.

पट्टा किती रुंद धरायचा हे बाजारच सांगतो. ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, भावांवरून ओव्हीएक्स नावाचा निर्देशांक निघतो. समजा तो ३५ आहे. म्हणजे बाजाराच्या मते वर्षाची चढ-उतार ३५ टक्के. महिन्यासाठी ३५ ला बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.४६ ने भागा. १० टक्के येतात. क्रूड ७० वर असेल तर महिन्याभरात ६३ ते ७७ मध्ये राहण्याची शक्यता तीनातली दोन. आता कुणी छातीठोक सांगितलं, "महिन्यात ७५ बघ," तर त्याने काहीच सांगितलेलं नाही. ७५ या पट्ट्यात असाही येतो.

मग हिशेब ठेवा. प्रत्येक अंदाजाशेजारी एक आळशी अंदाजही लिहा: "आज जो भाव आहे तोच तेव्हाही असेल." अर्थशास्त्रज्ञांनी हे वारंवार तपासलंय, आणि या आळशी अंदाजाला हरवणं भल्याभल्यांना जड गेलंय. मे २००८ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेच्या विश्लेषकांनी १५० ते २०० डॉलरची शक्यता वर्तवली. जुलैत डब्ल्यूटीआय १४७ ला टेकलंही. पण डिसेंबरमध्ये ते ३५ च्या खाली होतं. त्यांच्याकडे माणसं, संगणक, उपग्रहांची चित्रं सगळं असतं. तुमच्या वहीत सहा महिन्यांनी आळशी अंदाजच पुढे दिसला, तर लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या अंदाजावर उधारी काढून माल भरू नका.

अंदाज आहे, आता करायचं काय

कारखानदार असाल तर महिन्याचा दाणा एका दिवशी उचलू नका. तीन-चार भाग करा. साठे घटताहेत, पहिल्या-दुसऱ्या महिन्यातलं अंतर वाढतंय, रुपया घसरतोय, असं एकाच वेळी दिसलं तर पहिला भाग मोठा घ्या. उलट दिसलं तर गरजेपुरता. गिऱ्हाइकाला भाव देताना कोटेशनची मुदत लहान ठेवा. तीस दिवसांचा भाव देऊन दाणा नंतर घेणारा माणूस नकळत क्रूडचा सट्टा खेळत असतो.

एमसीएक्सवर उतरणार असाल तर आधी लॉटचं, म्हणजे एका सौद्यातल्या मालाचं, वजन समजून घ्या. मोठा लॉट १०० बॅरलचा, मिनी १० चा. डॉलर ९० चा धरला तर क्रूड एका डॉलरने हललं की मोठ्या लॉटमागे ९,००० रुपये इकडचे तिकडे, मिनीमागे ९००. आणि एक डॉलर हलणं ही रोजची गोष्ट. शिकायचं तर मिनीवर, तेही महिनाभर कागदावर खेळून झाल्यावर. टेलिग्रामवर टार्गेट विकणाऱ्याला सेबीची नोंदणी विचारा, बहुतेक संभाषण तिथेच संपतं. डब्ब्यात, म्हणजे एक्स्चेंजबाहेरच्या बेकायदा सट्ट्यात, तर अजिबात जाऊ नका. तिथे जिंकलात तर पैसे मागायला जागा नाही आणि हरलात तर वसूल करायला माणसं घरी येतात.

एक्सपायरीची, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपण्याची, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. २० एप्रिल २०२० ला, लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी ५ वाजता बंद होत होतं. त्या रात्री अमेरिकेत, कशिंगच्या टाक्यांत जागा उरली नाही म्हणून, मे महिन्याचं डब्ल्यूटीआय उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं. इकडे ज्यांचे त्याच भावाला बांधलेले एप्रिलचे सौदे उभे होते त्यांना सौदा कापायला बाजारच उघडा नव्हता. सेटलमेंट झाली उणे २,८८४ रुपयांना. हजार रुपयांच्या खाली गेलं, आता आणखी किती पडणार, असं म्हणून घेतलेल्यांनाही बॅरलमागे वर पैसे भरावे लागले. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या चार-पाच दिवस आधी पुढच्या महिन्यात जा, नाहीतर सौदा कापून मोकळे व्हा.